माझा रथ

मंगळवार, रात्रीचे साडेदहा

हसली ती, रांगेतली मुलगी. मोठ्याने नाही, ओठ दाबून, शेजारणीकडे बघत. "ताई रथ म्हणाल्या." मला ऐकू जाणार नाही असं वाटलं असेल तिला.

सर पुण्याला गेले होते, म्हणून तायक्वांदोच्या वर्गाची रांग माझ्याकडे. पाऊस, घोडबंदरला नेहमीची कोंडी, आलेले अकरा जण. मी नेहमीसारखी कोरियन हुकूम ओरडले, "चारियट! कुन्ये!" म्हणजे सावधान, नमस्कार. तेवढ्यात ते हसू. इंग्रजीत चारियट म्हणजे रथ. पुढचा सगळा तास मी आकडे मोजत होते आणि डोक्यात रथ फिरत होता.

सरही तसंच म्हणतात. त्यांचे सरही तसंच म्हणत असतील. मग हसायचं ते मलाच? धाकटी म्हणाली, "अगं, ती कोरियन मालिका बघते रात्रंदिवस." असेल. मालिका बघून तिला कळतं आणि मला अकरा वर्षं लाथा मारून कळलं नाही, यात सांत्वन कुठलं?

जाऊ दे. नीट लिहून काढते, म्हणजे डोक्यातून जाईल.

शब्द आहे 'छार्यॉत्'. सुरुवातीला छ, मधे डॉक्टरमधला ऑ, आणि शेवटचा त् अर्धा. जीभ दातांमागे टेकवायची आणि तिथेच ठेवायची, आवाज फोडायचा नाही. आपण तिथे ट फोडतो, मधला 'र्यॉ' ताणून 'रिय' करतो, आणि हॉलमध्ये रथ येऊन उभा राहतो. याच्या मुळाशी 'छारिदा' हे क्रियापद. जेवणाचं ताट मांडायचं तरी तेच, भानावर यायचं तरी तेच. म्हणजे आपलं 'सावधान' खरं, पण आतून अर्थ 'सावर स्वतःला' असा. मी ते ओरडत होते आणि मलाच सावरता येत नव्हतं. असो.

'कुन्ये' त्या मानाने बरं निघालं. नमस्काराचा हा शब्द लिहिताना 'क्यॉंग' आणि 'र्ये' असा लिहितात, पण आधीच्या अनुनासिकामुळे र चा न होतो आणि तोंडात 'क्यॉंगन्ये' येतं. अर्धी लाज वाचली.

'बारो'ने मात्र उरलेली अर्धी घालवली. पूमसे (ठरलेल्या हालचालींची साखळी) संपली की सर 'बारो' म्हणतात, आम्ही थांबतो. म्हणून मी समजत होते, बारो म्हणजे थांबा. बारो म्हणजे 'सरळ, नीट'. हुकूम म्हणून त्याचा अर्थ 'मूळ स्थितीत या'. म्हणून तर पाय मागे घेऊन पुन्हा जुन्बीत, म्हणजे तयारीच्या पवित्र्यात, उभं राहायचं असतं. नवी मुलं शेवटच्या ठोशावरच सैल पडतात आणि मी त्यांना ओरडते. त्यांना शब्दच चुकीचा शिकवलाय, ती काय करणार? थांबायचं ते 'कुमान'ला. आणि कुमान म्हणजे अगदी आपलं 'पुरे'. विश्राम म्हणजे 'श्वीऑ'. सुरू करा, 'शिजाक'. त्यातला श आहे, स नाही. लढतीत पंच दोघांना वेगळं करतो तेव्हा 'काल्यॉ', पुन्हा जुंपतो तेव्हा 'केसोक्'.

खरा गुन्हेगार भिंतीवरचा तक्ता. सगळा रोमन लिपीत. त्यात ऑ साठी ई आणि ओ ही दोन अक्षरं जोडून लिहिलेली असतात. आपण ती इंग्रजीसारखी सुटी वाचतो आणि एका स्वराचे दोन करतो. शिवाय एकाच शब्दाला कुठे ग, कुठे क. लढतीला ग्यॉरुगी म्हणायचं का क्यॉरुगी, यावर आमच्याकडे वाद झालेत. दोन्ही बाजू थोड्या बरोबर: कोरियन भाषेत शब्दाच्या आरंभीचा हा वर्ण क आणि ग यांच्या मधोमध पडतो आणि दोन स्वरांमध्ये आला की स्पष्ट ग होतो. द, ब, ज यांचंही तेच. पण छ आणि फ श्वास सोडूनच म्हणायचे. त्यांना आपल्याकडे आयती वेगळी अक्षरं आहेत, इंग्रजीत नाहीत. देवनागरी हाताशी असून आम्ही इंग्रजीच्या चष्म्यातून कोरियन वाचतो. कोरियाच्या सेजोंग राजाने 1443 मध्ये लिपी तयार केली, 1446 मध्ये लोकांना दिली. त्यातलं न चं अक्षर म्हणजे टाळूकडे उचललेल्या जिभेचं चित्र. एवढं सोपं करून ठेवलं त्याने, आणि आम्ही रथात बसलो.

आकडे. हाना, दुल, सेत्, नेत्, दासॉत्, यॉसॉत्, इल्गोप्, यॉदॉल, आहोप्, यॉल. जोड्या लावून पाठ केले तर बसतात: सेत्-नेत्, दासॉत्-यॉसॉत् यांचं यमकच जुळतं. घोळ होतो तो सहा आणि आठचा, दोन्ही 'यॉ'ने सुरू होतात. मुलं सहावरून थेट नऊवर उडी मारतात आणि डाव्या पायाच्या दोन लाथा वाचवतात (हे मुद्दाम असावं असा माझा संशय आहे). सेत् चा त् फोडला की शब्द लांबतो, लाथ आधी परत येते आणि रांग विस्कटते. आजवर मी त्याला पावसाळी आळस समजत होते.

पूमसेचे आणि दानचे (काळ्या पट्ट्याच्या पायऱ्यांचे) आकडे मात्र निराळे: इल, ई, साम, सा, ओ, युक्, छिल, फाल. हे चिनीतून आलेले. आपण एक, दोन, तीन मोजतो पण तिथी प्रतिपदा, द्वितीया, तृतीया म्हणतो, तसंच. म्हणून पहिली पूमसे 'थेगुक इल जांग', 'हाना जांग' कधीच नाही. आणि आठवी 'फाल जांग', फळातला फ, ओठ मिटून. आम्ही 'पाल जांग' म्हणतो. भिंतीवर तक्ता आणि तक्त्यावर पाल.

इथे मला थोडं बरं वाटायला लागलं. लाथांची नावं सुटी करून बघितली तर ती सरळ मराठी निघतात. 'छागी'तली 'गी' म्हणजे क्रियापदाला लागणारं आपलं '-णं'. आप छागी, पुढे लाथ मारणं. यॉप् छागी, बाजूला. दोल्ल्यॉ छागी: दोल्ल्यॉ म्हणजे 'फिरवून'. मिरॉ छागी, 'ढकलून'. नॅर्यॉ छागी, 'खाली आणून'. आपला 'ऊन' जिथे लागतो तिथेच त्यांचा 'ऑ', आणि क्रियापद शेवटी. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे उलटं वाटतं, आपल्याला उलटं करायचंच नाही. उपयोगही आहे: 'फिरवून मारणं' एकदा कळलं की कंबर आणि टेकलेला पाय आधी फिरला पाहिजे हे वेगळं सांगावं लागत नाही. मुलं नुसता गुडघा आडवा टाकतात, कारण त्यांच्यासाठी दोल्ल्यॉ हा फक्त एक आवाज असतो.

अडवण्याचंही तसंच. 'माक्की' म्हणजे अडवणं. मोमथोंग धड, ऑल्गुल चेहरा, आणि खालचा भाग 'आरे'. आरे माक्की म्हटलं की निम्मी रांग दूध, दूध करते. इल जांगच्या अठरा हालचालींत पहिलीच ती आहे, डावीकडे वळून, त्यामुळे दूध रोजचंच.

आणि सरांना वंदन करताना 'साबॉम्निम्के' म्हणतात. 'साबॉम' म्हणजे शिक्षक, 'निम' आदराचा, 'के' हा 'ला'चा आदरार्थी. सरला नाही, सरांना. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर...

तर काय? तरी मी रथच म्हणाले असते. कानाला तोच लागलाय. आता बाथरूममध्ये दहा वेळा म्हणून बघितलं. आठ वेळा ट फुटला. धाकटीने दार ठोकलं, "आई, कुणाशी भांडतेयस?"

तिचं हसू अजून आहेच. थोडं लहान झालंय. ती चूक बोलली नव्हती, हे मान्य करायला मला दोन पानं लागली.

गुरुवारी तक्ता देवनागरीत लिहून नेणार. जाड पेनाने, अर्ध्या त् चा पाय मोडलेला स्पष्ट दिसेल असा. आधी तिच्याकडून तपासून घेणार, नाहीतर पुन्हा ओठ दाबेल. मोजायलाही तिलाच उभी करते, तेवढीच माझ्या घशाला सुट्टी. सरांना 'पाल'बद्दल कुणी सांगायचं ते नंतर बघू. मी तर नाही सांगत.

कुकर लावला होता. हाना, दुल, सेत्. चौथी शिट्टी झाली तेव्हा मी नेत् चा त् जिभेवर अडकवून बसले होते. वरणाचा लगदा.