मणक्याचे दुर्बिणीतून ऑपरेशन करण्यापूर्वी

मणक्याच्या शस्त्रक्रियेच्या जाहिरातींत छेद किती लहान आणि घरी किती लवकर, या दोनच गोष्टी ठळक अक्षरांत असतात. माझ्या थोरल्या भावाची कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधील गादी सरकली, तेव्हा आमच्या घरातही चर्चा याच दोन गोष्टींची झाली. वास्तविक शस्त्रक्रिया हवी आहे का, हे आधी विचारायला हवे होते.

सरकलेली गादी नस दाबते आणि त्यामुळे पायात कळ उतरते, हे १९३४ मध्ये बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या डॉक्टरांनी मांडले. परंतु बाहेर आलेला तुकडा शरीर अनेकदा स्वतःच शोषून घेते, त्यामुळे बहुतेकांची कळ औषधे आणि बेताची हालचाल यांवर सहा ते बारा आठवड्यांत ओसरते. नेदरलँड्समधील २००७ च्या अभ्यासात एका गटाची शस्त्रक्रिया लवकर केली आणि दुसरा गट थांबला; लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांना आराम लवकर पडला. मात्र वर्षअखेरीस दोन्ही गटांतील सुमारे ९५ टक्के रुग्ण बरे झालेले होते. थांबलेल्या गटातील ३९ टक्के जणांना वर्षभरात शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, हेही त्याच अभ्यासात आहे, आणि ते सोयीस्करपणे वगळू नये.

दादाच्या बाबतीत निर्णय एमआरआयच्या फिल्मवरून झाला नाही, आणि ते मला पटले, कारण पन्नाशीतल्या, काहीही दुखत नसलेल्या माणसाच्या एमआरआयमध्येही झिजलेल्या गाद्या सर्रास दिसतात. डॉक्टरांनी त्याला उताणे झोपवून पाय गुडघ्यात न वाकवता वर उचलला, मग टाचांवर चालायला सांगितले. डाव्या पायाचा अंगठा वर उचलला जात नव्हता, आणि आठवड्याभरापूर्वीपेक्षा तो अधिक कमजोर झाला होता. नसेची ताकद अशी घटत असेल, तर वाट पाहण्यात अर्थ उरत नाही.

‘दुर्बिणीतून’ म्हणतात त्या या शस्त्रक्रियेत पूर्ण भूल देऊन पालथे झोपवल्यावर एक्स-रेखाली नेमका मणका निश्चित करतात. मग एकाहून एक जाड नळ्या आत सरकवून पाठीचे स्नायू न कापता बाजूला सारतात आणि सुमारे दीड ते दोन सेंटिमीटर रुंदीच्या नळीतून सूक्ष्मदर्शकाखाली काम चालते. हाडाची थोडी कड खरवडून नस हलकेच बाजूला धरतात आणि सुटलेला तुकडा काढतात. उरलेली गादी जागेवरच राहते, म्हणूनच काही रुग्णांत ती पुन्हा सरकते.

नळीतून केलेली शस्त्रक्रिया नळी न वापरता सूक्ष्मदर्शकाखाली केल्या जाणाऱ्या नेहमीच्या शस्त्रक्रियेपेक्षा सरस ठरेल, अशी अपेक्षा होती. २००९ मध्ये नेदरलँड्समध्येच झालेल्या तुलनेत तसे आढळले नाही. उलट नेहमीच्या पद्धतीच्या रुग्णांच्या वेदना किंचित कमी होत्या. म्हणून शल्यचिकित्सकाचा हात ज्या पद्धतीवर बसला आहे, तीच पद्धत मी निवडेन, छेद दोन बोटे लांब झाला तरी.

दादाच्या पायातली कळ त्याच संध्याकाळी थांबली. कंबर अजून आखडते, आणि अंगठ्यातली ताकद फिजिओथेरपीने हळूहळू परतते आहे. लघवी अडली, मांड्यांच्या आतील बाजूस आणि गुदद्वाराभोवती बधिरपणा आला किंवा दोन्ही पाय लुळे पडू लागले, तर मात्र दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यासाठी न थांबता त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे.