आबांचं एक घर

काल नेदरलँड्समधल्या वाइक आन झीला बुद्धिबळात हरले आणि रात्रभर तोच डाव डोळ्यांपुढे. इथल्या टाटा स्टील स्पर्धेत हौशी खेळाडूंनाही ग्रँडमास्टरांच्याच सभागृहात बसवतात. जिथे आनंद पाचदा पहिला आला, त्या स्पर्धेत माझाही एक पट! आपल्याकडे हौशी माणसाला इतकं जवळ कोण येऊ देतं?

समोर सत्तरीतले डच आजोबा. त्यांनी वजिरापुढचं प्यादं दोन घरं टाकलं. मी घोडा काढला, मग घोड्यापुढचं प्यादं एकच घर, मागे उंट, वजिरापुढचंही एकच घर. माझा हातच तसा वळलाय. वेंगुर्ल्याच्या पडवीत आबांच्या पटावर प्यादं पहिल्या खेपेलाही दोन घरं जात नसे. कॅसलिंग, म्हणजे राजा-हत्तीची एकत्र खेळी, नाही, राजाला एकदाच घोड्यासारखी उडी. एक हत्ती हरवलेला, त्याच्या जागी सुपारी. ती घरंगळली की आबा हसायचे, पण मी घाई केली की, "पळतंस खंय? एकेक घर चल." पुढे मुंबईत शिकवणीला सर म्हणाले, "हे गावठी नियम विसर." ते मला अजून लागतं.

एकतिसाव्या खेळीला मी हत्तीला हात लावला आणि चूक दिसली. आजोबा गप्प. मी हत्ती हलवला, डाव गेला. इथल्या शिस्तीचं कौतुक मीही करते, पण हे मला इथे कुणी शिकवलेलं नाही. "हात लावलंस मां? मगे खेळ!" हे आबांचं.

मग आजोबांनी वाटाण्याच्या सुपाचे दोन वाडगे आणले, मोहरे पुन्हा मांडले आणि तासभर माझीच बाजू सुधारत बसले. माझ्या पहिल्या खेळ्यांवर बोट ठेवून म्हणाले, "कोनिंग्सइंडिस." किंग्ज इंडियन, या सुरुवातीचं नाव! मी त्यांना मोहेशचंद्र बॅनर्जी या बंगाली खेळाडूबद्दल सांगितलं. १८५०च्या सुमारास कलकत्त्यात जॉन कॉक्रेन या स्कॉटिश खेळाडूशी ते असेच खेळत, प्यादं एकेक घर, उंट कोपऱ्यातून, कारण आपल्या जुन्या नियमांत तीच सवय. 'इंडियन' हे नाव त्यातूनच आलं. म्हणजे सरांनी गावठी म्हटलेली ती चाल युरोपच्या पुस्तकांत आपल्या नावानं छापलेली आहे.

वेंगुर्ल्यात डचांची वखार अजून पडकी उभी आहे, हे आजोबांना ठाऊक नव्हतं. मोबाइलवर फोटो दाखवला. चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले.

सकाळी आईला फोन केला. पट माळ्यावर आहे, वाळवी लागलेली नाही. सुपारी मात्र मिळाली नाही म्हणाली, दुसरी ठेवते.