मुंबई २७, मिक्स्ड मोड: ५ मैलांची गॅप का फसत होती, ते अखेर सापडलं

मुंबईच्या रनवे २७ वर मिक्स्ड मोड, म्हणजे एकाच रनवेवर उतरणारी (अरायव्हल) आणि उडणारी (डिपार्चर) विमानं. मागच्या नोंदीत दोन अरायव्हलमध्ये ५ मैल (सागरी) ठेवून मधे एक डिपार्चर काढायचं ठरलं होतं. कागदावर सगळं बसत होतं. ए३२० शेवटी १३५ नॉट्सने येतं, म्हणजे मैलाला २६.७ सेकंद आणि ५ मैलांना १३३. डिपार्चरला लागणारे सेकंद ११२. तरीही युरोस्कोपवर (आभासी एटीसीचं सॉफ्टवेअर) सिनॅरिओ लावला की दुसरं नाहीतर तिसरं अरायव्हल गो-अराऊंड जायचंच, म्हणजे न उतरता परत वर. टॉवरच्या सूचनांची वेळ पुढेमागे करून काही फरक पडेना. खोट गणितातच होती, आणि एक नाही, दोन.

पहिली वेगाची. ॲप्रोच कंट्रोलर सगळ्यांना ‘१६० टिल फोर’ देतो, म्हणजे रनवेपासून ४ मैलांपर्यंत १६० नॉट्स. पहिलं विमान ४ मैलांवर वेग १३५ वर आणतं, तेव्हा मागचं ९ मैलांवर असतं आणि अजून १६० नेच येत असतं. पहिल्याला थ्रेशोल्ड (रनवेची सुरुवात) गाठायला १०७ सेकंद लागतात. तेवढ्यात मागचं पावणेपाच मैल कापतं आणि सव्वाचार मैलांवर येऊन ठेपतं. मैल आटतात, सेकंद मात्र तेच राहतात, कारण दोघंही एकाच जागी सारखाच वेग कमी करतात. म्हणजे गॅप १६० नेच मोजायची: ५ मैल म्हणजे ११२.५ सेकंद. ते १३३ कधी हातात नव्हतेच.

दुसरी खोट आरओटीची, म्हणजे उतरलेलं विमान रनवे अडवून ठेवतं त्या वेळेची. नाक रॅपिड एक्झिटकडे (वेगात बाहेर पडायची तिरकी वाट) वळलं की रनवे मोकळा, असं धरून ४५ सेकंद लिहिले होते. पण विमानाची शेपटी होल्डिंग पोझिशनच्या रेघेपलीकडे जाईपर्यंत रनवे मोकळा नसतो. तिथवर मोजलं की ५५ होतात. (फोनवरच्या स्टॉपवॉचने हे मोजू नका. लॅपचं बटण असलेलं साधं स्टॉपवॉच घ्या, नजर स्क्रीनवरून हलत नाही.)

नवा हिशोब असा. अरायव्हल थ्रेशोल्डवर आलं की शून्य. ५५ ला रनवे मोकळा आणि टेकऑफ क्लिअरन्स. पायलटचा रीडबॅक आणि इंजिन चढायला १० सेकंद. ३,४४८ मीटरच्या रनवेवर ए३२० ला रोल सुरू झाल्यापासून पलीकडचं टोक ओलांडायला साधारण ५७. एकूण १२२. डिपार्चरने टोक ओलांडल्याशिवाय किंवा वळण घेतल्याशिवाय मागच्याने थ्रेशोल्ड ओलांडायचा नाही, म्हणून हे १२२ हवेतच. ६ मैल ठेवले की १३५ मिळतात, १३ हाताशी उरतात. नवा सिनॅरिओ ६ वर लावला आणि दहा अरायव्हल, नऊ डिपार्चर, एकही गो-अराऊंड नाही!

हे सगळं टिकतं ते डिपार्चर आधीच लाइन अप झालेलं, म्हणजे रनवेवर येऊन उभं असेल तरच. ‘बिहाइंड द लँडिंग एअरबस, लाइन अप बिहाइंड’ हे अरायव्हल शॉर्ट फायनलवर (उतरण्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यात) असतानाच द्या. रनवे मोकळा झाल्यावर दिलंत तर सहज २५ सेकंद जातात आणि गॅप गेली.

क्लिअरन्सचं गेटही यातूनच निघालं. क्लिअरन्सपासून टोकापर्यंत ६७ सेकंद, १३५ नॉट्सने ते अडीच मैल. मागचं विमान अडीचच्या आत आलं आणि क्लिअरन्स दिलेला नसेल, तर देऊ नका. डिपार्चर रनवेवर उभं असेल तर गो-अराऊंड लगेच सांगा, वाट पाहू नका.

एटीआर (संथ, पंख्यांचं विमान) पुढे आणि जेट मागे असेल तर सेकंदही आटतात. एटीआर ११५ ने शेवटचे ४ मैल १२५ सेकंदांत करतं, म्हणजे गॅपमधले १८ गेले. तिथे साडेसहा ठेवा. मधे हेवी (७७७ सारखं वजनदार विमान) डिपार्चर असेल तर ७, त्याला लाइन अपही जास्त लागतं आणि रोलही. हेवीच्या मागे उठणाऱ्या हवेच्या भोवऱ्यांसाठी मीडियम (ए३२० सारख्या) डिपार्चरला थांबवायची दोन मिनिटं मात्र वेगळी मोजायची गरज नाही. मधे एक अरायव्हल येतंच, तेवढ्यात ती भरतात.

समोरून १५ नॉट्स वारा असेल तर १६० चा ग्राउंड स्पीड १४५ होतो आणि साडेपाच मैलांतच १३६ सेकंद मिळतात. हीथ्रोने २०१५ मध्ये गॅप मैलांऐवजी वेळेत मोजायला घेतली, ती याच कारणाने. आपल्या शीटमध्येही आता मैलांचा रकाना शेवटी आणि सेकंदांचा पहिला.

इथवर लिहिताना एक सुचलं: दोन अरायव्हल जवळ आणायची आणि मोठ्या गॅपमध्ये दोन डिपार्चर काढायची तर? शेवटी ३ मैल उरायला १६० वर ३.६ ठेवावे लागतात, म्हणजे ८० सेकंद. दोन डिपार्चरना १२२ अधिक ६७, म्हणजे १८९. चार हालचालींना २६९, म्हणजे प्रत्येकी ६७. एकाआड एकमध्ये प्रत्येकी ६१ (१२२ चे निम्मे). शिवाय हेवीमागची दोन मिनिटं परत डोक्यावर. बेत रद्द.

६ मैलांनी तासाला ५३ हालचाली बसतात. गॅटविक एका रनवेवर ५५ करतं. मुंबईत हायरोची, म्हणजे गर्दीच्या वेळची, तासाची मर्यादा फेब्रुवारी २०२४ मध्ये ४६ वरून ४४ झाली, आणि ७ मैल लावले तर आपली शीट बरोबर ४६ च्या जवळ येते. म्हणून वाढवायचा विचार सोडून पुढचा रन ७ वर: ओला रनवे, आरओटी ६५, पाचव्या आणि नवव्या नंबरला एटीआर, बाराव्याच्या आधी ७७७ चं डिपार्चर.