मराठवाड्यातल्या बारवा-किल्ल्यांच्या वेबसाइटवर वाचक कसे वाढले : माझा अनुभव

मी लातूरचा, आणि आपल्या मराठवाड्यातले किल्ले, बारवा (पायऱ्यांच्या जुन्या विहिरी), लेणी, जुनी मंदिरं यांची माहिती देणारी एक मराठी वेबसाइट चालवतो. अजिंठा-वेरूळवर लिहिणारे ढीगभर आहेत, पण चारठाण्याची मंदिरं, वालूरची चक्राकार बारव, खरोशाची लेणी, परंड्याचा किल्ला ह्यांच्यावर मराठीत नीट असं वाचायला लई कमी मिळतं, म्हणून हे सुरू केलं. लेख होते, फोटो होते, ओळखीचे लोक वाचून छान म्हणायचे, पण ओळखीबाहेरचं माणूस काही येईना. मग ह्याच्या मागे लागलो, आणि जे जे केलं ते इथं लिहितोय, मराठीत साइट चालवणाऱ्या कुणाला तरी उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी गूगल सर्च कन्सोल जोडलं, म्हणजे आपली साइट गूगलच्या शोधात कशी दिसते हे साइटवाल्याला दाखवणारं गूगलचंच साधन. फुकट आहे आणि माझ्या मते दुसरं काहीही करायच्या आधी हेच करावं, कारण आपली पानं गूगलमध्ये आहेत का नाहीत हे तिथंच कळतं. माझी बरीच पानं ‘क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ ह्या यादीत होती, म्हणजे गूगल येऊन बघून गेलं होतं पण ठेवून घेतलं नव्हतं. त्या यादीत एक गोष्ट लगेच दिसली, त्यातले बहुतेक लेख आमच्या एका निवृत्त गुरुजींचे होते. गुरुजींनी आयुष्यभर बारवा हिंडून टिपणं काढलीत, सोनं आहे सोनं, पण ते सगळं जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं. असा फॉन्ट स्क्रीनवर मराठी दाखवतो, पण आत असतात नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, आणि गूगल आतलं वाचतं. त्याच्या दृष्टीनं ते पान म्हणजे अर्थ नसलेला मजकूर.

कन्व्हर्टर वापरून सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे आत खरी मराठी अक्षरं असतात त्या पद्धतीत, आणलं, पण काम तिथं संपत नाही. रफार भलत्याच अक्षरावर जातो, जोडाक्षरं फुटतात, आणि सगळ्यात जास्त त्रास दिला तो ‘पायऱ्या’ ह्या शब्दानं. बारवेचा लेख म्हणजे ओळीओळीत पायऱ्या, आणि कन्व्हर्टर त्या ऱ्या-ची काहीच्या काही वाट लावत होता, कुठं ‘पायर्या’, कुठं मध्येच जागा सुटलेली. आता ‘पायऱ्यांची विहीर’ असं शोधणाऱ्याला हे पान सापडणार कसं? गुरुजी आणि मी रोज संध्याकाळी बसून एकेक लेख तपासत गेलो. गुरुजी वाचायचे, मी दुरुस्त करायचो. ह्या कामाला शॉर्टकट नाही, आणि माझं ठाम मत आहे की जुन्या मराठी साइटवाल्यांनी दुसरं काही नाही केलं तरी एवढं करावंच, कितीतरी चांगलं लिखाण नुसत्या फॉन्टपायी गडप झालंय.

मग दुसरा विषय, लोक नेमकं काय टाइप करतात. सर्च कन्सोलमध्ये परफॉर्मन्स उघडलं की कुठल्या शब्दांवर आपलं पान दिसलं, किती जणांनी क्लिक केलं, आपण कितव्या नंबरवर होतो हे सगळं येतं, मागच्या 16 महिन्यांपर्यंतचं. मी रोज रात्री ती यादी वाचायचो. त्यात जिल्ह्यांच्या नावांचा घोळ लई स्पष्ट दिसला. 2023 मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं, पण शोधणाऱ्यांची बोटं काय एका दिवसात बदलत नाहीत. कुणी ‘उस्मानाबाद ते नळदुर्ग अंतर’ टाकतंय, कुणी ‘धाराशिव नळदुर्ग किल्ला’, कुणी रोमनमध्ये, म्हणजे इंग्रजी अक्षरांत, दोन्ही. म्हणून प्रत्येक पानाच्या पहिल्या परिच्छेदात नवं नाव आणि ‘पूर्वीचं उस्मानाबाद’ असं एकदा साध्या वाक्यात घातलं, आणि रोमन स्पेलिंग फोटोच्या फाइलच्या नावात आणि पानाच्या पत्त्यात (URL मध्ये) ठेवलं. उगीच दहादा नाव कोंबलं नाही, त्यानं वाचणाराही वैतागतो आणि गूगललाही ते चालत नाही.

धाराशिवच्या लेण्यांचं तर वेगळंच झालं. पूर्वी धाराशिव असं शोधणाऱ्यांत लेणी बघणारे बरेच असायचे, आता तो शब्द टाकणाऱ्याला जिल्ह्याची बातमी, भरती, हवामान असलं काहीतरी पाहिजे असतं. माझं पान दिसत होतं, इम्प्रेशन (शोधात पान किती वेळा दिसलं तो आकडा) वाढत होते, क्लिक मात्र नाही. शीर्षकात ‘लेणी’ हा शब्द अगदी पुढं आणला आणि खालच्या वर्णनात रस्ता, वेळ, पायी किती चढायचं हे लिहिलं, तेव्हा क्लिक सुरू झाले. मोबाइलवर शीर्षकाचा शेवट कापला जातो, तेव्हा कामाचा शब्द आधी पाहिजे.

पण खरा फरक पडला तो नळदुर्गच्या पानामुळं, आणि ते जरा सविस्तर सांगतो. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर आदिलशाहीत बांधलेला बंधारा आहे, त्याच्या पोटात पाणीमहाल, आणि पावसाळ्यात बंधाऱ्यावरून दोन धबधबे पडतात, नर आणि मादी. माझ्या पानावर किल्ल्याचा इतिहास होता, पाणीमहालाची बांधणी होती, उपळी बुरुजावरून दिसणारा सगळा परिसर होता. पण पाऊस सुरू झाला की यादीत यायचं काय, तर ‘नर मादी धबधबा सुरू झाला का’, ‘नळदुर्ग धबधबा आज’, ‘नळदुर्ग किल्ला वेळ’. लोक सोलापूरहून, लातूरहून, पार हैदराबादहून निघतात आणि पाणीच नसलं तर खेप वाया जाते, म्हणून त्यांना आधी तेवढं कळायला पाहिजे, इतिहास नंतर.

नळदुर्गात माझ्या ओळखीचा एक रसवंतीवाला आहे. त्याला म्हटलं भाऊ, वरचं बोरी धरण भरून पाणी सुटलं की मला फोन कर. एका सकाळी फोन, ‘दादा, नर चालू झालाय, मादी बारीक हाय, उद्यापर्यंत फुल होतंय बगा.’ मी लगेच पानाच्या सगळ्यात वर तारखेसकट लिहिलं की आज धबधब्याची स्थिती अशी अशी आहे, सोबत त्यानं पाठवलेला फोटो, आणि खाली गाडी कुठं लावायची, तुळजापूरहून एसटी, निसरड्या जागा कुठल्या. तोच पत्ता ठेवला, दर वेळी नवीन पान केलं नाही, म्हणजे वर्षानुवर्षं त्याच पानाचं वजन वाढत राहतं. त्या आठवड्यात जेवढे लोक आले तेवढे आधी कधीच आले नव्हते, आणि चांगली गोष्ट अशी की त्यातले कितीतरी जण पाणीमहालाचा लेखही वाचून गेले, कारण मी लिंक मध्येच दिली होती, ‘हे पाणी ज्याच्यावरून पडतं तो बंधारा कसा बांधला’ अशी. आता गूगल वरच्या वर एआयचं उत्तर देतं, किल्ला कुणी बांधला एवढ्यासाठी कोण आपल्याकडं येणार, पण आज पाणी पडतंय का हे नळदुर्गात उभा असलेला माणूसच सांगू शकतो.

हे पान व्हॉट्सअपवर फिरलं तेव्हा पत्त्याचा प्रश्न पुढं आला. देवनागरी पत्ता गूगलला चालतो, पण कॉपी करून पाठवला की त्यातलं एकेक चिन्ह (अक्षर, उकार, हलन्त सगळं वेगवेगळं धरून) टक्क्याच्या खुणा आणि आकडे-अक्षरं मिळून नऊ जागा खातं. ‘नळदुर्ग’ एवढ्या शब्दाचेच 63 होतात! असली लांबलचक लिंक बघून लोकांना फ्रॉड वाटतं, आमच्या वहिनींनी तर न उघडताच डिलीट केली. म्हणून छोटे रोमन पत्ते केले आणि जुन्या पत्त्यांवरून 301 रीडायरेक्ट लावलं, म्हणजे जुनी लिंक उघडली की माणूस आपोआप नव्या पत्त्यावर जातो, नाहीतर आधी फिरलेल्या लिंका मेल्या असत्या. ओपन ग्राफची इमेज (लिंक पाठवल्यावर सोबत दिसायचा फोटो ठरवणारी खूण) पण सेट केली, त्यामुळं लिंकसोबत फोटो दिसतो.

वेगाचं थोडक्यात. मोबाइलचे फोटो चार-पाच एमबीचे असतात, खेड्यात रेंज कमी, पान उघडेपर्यंत माणूस निघून जातो. सगळे फोटो 1200 पिक्सेल रुंद करून वेबपी ह्या हलक्या फोटो-फॉरमॅटमध्ये आणले, खालच्या फोटोंना लेझी लोडिंग (वाचणारा तिथं पोचला की मगच फोटो उतरतो), पहिल्या फोटोला मात्र नाही, कारण तोच आधी दिसायला पाहिजे. गूगलच्या हिशोबानं स्क्रीनवरचा सगळ्यात मोठा भाग (फोटो किंवा मजकूर) 2.5 सेकंदात दिसला तर चांगलं, ते गूगलच्याच पेजस्पीड इनसाइट्सवर तपासता येतं.

मध्यंतरी एका एजन्सीचे सारखे फोन, महिन्याला एवढे द्या, हजार बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून आपल्याकडं येणाऱ्या लिंका) देतो, पहिल्या पानावर आणतो. मी दिले नाहीत आणि तुम्हीही देऊ नका, रँकिंगसाठी लिंका विकत घेणं गूगलच्या नियमाविरुद्ध आहे. त्यापेक्षा जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या इतिहास विभागाला तेरच्या त्रिविक्रम मंदिराचं पान दाखवलं, त्यांनी आपल्या साइटवर विद्यार्थ्यांसाठी लिंक दिली. अशी एक लिंक मला त्या हजारांपेक्षा मोलाची वाटते, ती वाचून दिलेली असते.

सध्या होट्टलच्या मागे आहे. देगलूर तालुक्यातलं चालुक्यकालीन मंदिरांचं गाव, इतकं देखणं काम, पण रोमनमध्ये टाइप केलं की हॉटेलांचे रिझल्ट मध्ये घुसतात. म्हणून शीर्षक ‘सिद्धेश्वर मंदिर, होट्टल, देगलूर, जि. नांदेड’ असं केलंय. देगलूरकडचं कुणी हे वाचत असेल तर तिथं शेवटची एसटी किती वाजता असते तेवढं कळवा, पानावर तेच टाकायचं राहिलंय.