ज्या दिंडीची तक्रार असते
आजोबा ८८व्या वर्षी झोपेत गेले. दशक्रियेच्या पत्रिकेवर छापून आलं, 'देवाज्ञा झाली'. धाकटा भाऊ २६व्या वर्षी गेला, तेव्हा त्याच छापखान्यातून आलं, 'काळानं घाला घातला'. आम्ही काही सांगितलं नव्हतं. वय बघून मजकूर लावायची त्यांची पद्धतच असावी. म्हातारं माणूस देव नेतो, तरण्याताठ्याला काळ ओढतो. देवाच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून आपली भाषा किती जपते!

आई मात्र सरळ म्हणते, देवानंच नेला. तिनं बारा वर्षं वारी केली. मग गुडघे गेले, आणि भाऊ गेल्यावर मनही उडालं. यंदा तिची पडशी खांद्याला लावून मी निघालो. दारात म्हणाली, "त्याला विचार, एवढं काय अडलं होतं त्याचं?"

दिवेघाटावर सगळेच लिहितात, मी लिहीत नाही. मला आठवतात ते टाचेवरचे फोड आणि पहाटे तीनला अंधारात आंघोळीसाठी लागलेली टँकरपुढची रांग. नीरेत पादुकांना स्नान झालं आणि आम्ही लोणंदला आलो. तिथे रात्री तंबूत कीर्तन होतं. बुवांनी महाभारताच्या अनुशासनपर्वातली गौतमीची गोष्ट लावली. तिचा मुलगा साप चावून मरतो. पारधी साप पकडून आणतो आणि विचारतो, याला कसा मारू? साप म्हणतो, मी काय करणार, मला मृत्यूनं पाठवलं. मृत्यू येतो आणि काळाकडे बोट दाखवतो. काळ येतो आणि म्हणतो, आम्ही कुणीच नाही, पोराचं कर्मच तसं. गौतमी सापाला सोडायला लावते. तंबूत 'पुंडलिक वरदे' झालं. मी आपला पाय चोळत बसलो. सरकारी कचेरीत या टेबलावरून त्या टेबलावर फाईल फिरावी, तसं सगळं फिरलं आणि शेवटी दोष कुणाच्या पदरात? मेलेल्या पोराच्या!

ज्यांच्याकडे सैतान आहे त्यांचं तरी कुठे भागतं? बायबलातल्या ईयोबाच्या मुलांवर घर कोसळलं, त्यात हात सैतानाचा, पण परवानगी देवाचीच. त्यापेक्षा गीतेच्या दहाव्या अध्यायातला कृष्ण बरा. सर्वांना हरण करणारा मृत्यू मीच, असं तोंडावर सांगून मोकळा होतो.

तळावर पालखी पोचली की समाज आरती असते. सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, चोपदार दंड उंच करतो आणि हजारो टाळ एकदम थांबतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिच्यापाशी जातो, ऐकून घेतो, तेव्हा कुठे टाळ थांबतात. त्या संध्याकाळी आमच्या शेजारची दिंडी थांबेना. पाण्याच्या टँकरवरून काहीतरी बिनसलं होतं. सगळा तळ शांत आणि तेवढेच टाळ खणखणतायत. मला आई आठवली.

दुसऱ्या दिवशी वाटेत चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून माउलींचा अश्व धावला. गर्दी ओसरल्यावर डोईवर तुळस घेतलेल्या एका आजीशेजारी बसलो होतो. बोलता बोलता भावाचं सगळं सांगितलं. उसाची ट्रॉली रस्त्यात बंद पडलेली, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, रात्रीची वेळ. मग विचारलं, "आजी, हे देवानं केलं म्हणायचं का काळानं?"

तिनं तुळस नीट खाली टेकवली.

"हेल्मेट व्हतं का डोक्यात?"

"नव्हतं."

"घरात तर व्हतं?"

मी बाटलीचं झाकण उघडलं, परत लावलं. घरात एकच हेल्मेट होतं. ते त्या दिवशी मी घेऊन गेलो होतो, कारण माझ्या रस्त्यावर पोलीस उभे असायचे. आठ वर्षांत हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. देव की काळ हा वाद मात्र हिरिरीनं घालत आलो होतो.

आजीनं पुढे काही विचारलं नाही. तुळस उचलून डोक्यावर घेतली आणि म्हणाली, "चला माउली, दिंडी निघाली."

वाखरीला पोचलो तेव्हा आईचा फोन आला. विचारलंस का, असं म्हणेल वाटलं होतं. पण तिनं जेवणाचं विचारलं, पायांचं विचारलं. भोवती गलका होता. एका कानात बोट घालून मी म्हणालो, "आई, त्या दिवशी हेल्मेट मी नेलं होतं."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "खुंटी रिकामी होती तेव्हाच दिसलं. रात्री पायाला खोबरेल लाव, पडशीच्या आतल्या कप्प्यात ठेवलंय."