चार गावं, नऊ गाणी आणि एक नाईट

कुंभार्ली घाटातल्या तिसऱ्या वळणावर बासचा अँप (गिटारचा आवाज मोठा करणारा जड स्पीकर) सरकून माझ्या सीटच्या पाठीला टेकला, तो चिपळूण येईपर्यंत हलला नाही. ईकोत आम्ही पाच जण, दोन गिटार, एक बास, अर्धा ड्रमसेट (उरलेला अर्धा गावोगावी उसना मिळेल या भरवशावर), टी-शर्टचे दोन खोके आणि १०० कॅसेट. मी बँडमध्ये काहीच वाजवत नाही. गाडी चालवतो आणि टी-शर्ट विकतो.

मित्रांच्या या पंक (म्हणजे वेगवान, गोंगाटी रॉक) बँडचा पहिला अल्बम डिसेंबरात आला. नऊ गाणी, २६ मिनिटं. अल्बम आला की टूर काढायची हा रिवाज, आणि आपल्याकडे टूर म्हणजे मुंबई, पुणे, बेंगळुरू. कोकणावरून सगळे गोव्याला जातात, उतरत कुणी नाही. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, तेव्हापासून काळ्या टी-शर्टातली पोरं रत्नागिरी स्टेशनवर वडापाव घेऊन परत डब्यात चढतात, एवढाच आमच्या जमातीचा कोकणाशी संबंध. ड्रमरची आत्या आचऱ्याच्या अलीकडच्या एका गावात राहते. त्या एका आधारावर त्याने चिपळूण, रत्नागिरी, आत्याचं गाव आणि गोवा अशी टूर आखली.

कॅसेट कशाला, हे मी बऱ्याचदा विचारलं. विनाइल रेकॉर्ड परवडत नाही, सीडी कुणी घेत नाही, आणि विकायला हातात काहीतरी वस्तू लागते, हे उत्तर. ती वाजवायला कुणाकडे काही नाही, आमच्या ईकोतही फक्त यूएसबी. पण हिशेब बघितला तर वस्तू लागतेच. स्पॉटिफायवर २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत १,००० वेळा ऐकलं गेलं नाही तर त्या गाण्याचे पैसेच धरत नाहीत. आमच्या नऊपैकी एक गाणं ती रेषा ओलांडून पलीकडे गेलंय. बँडकॅम्प ही गाणी विकायची वेबसाइट डिजिटल विक्रीतले १५ टक्के कापून बाकीचे देते, ते बरं, पण विकत घेणारे बहुतेक आपलेच मित्र. थोडक्यात, पेट्रोल टी-शर्टवर चालतं.

चिपळूणचा कार्यक्रम एका ओळखीच्यांच्या गोडाऊनमध्ये होता. भिंतीवर २२ जुलै २०२१ च्या पुराची रेघ अजून दिसते, माझ्या डोक्याच्याही वर. त्या रेघेखाली ड्रम लावले. तिकीट १०० रुपये. वॉशिंग्टनच्या फुगाझी या बँडने वर्षानुवर्षं आपलं तिकीट पाच डॉलरच्या आसपासच ठेवलं, तो आमच्या गायकाचा आदर्श. मला शंभरात जनरेटरचं भाडं दिसत होतं. चाळीसेक पोरं आली. पहिल्या तीन गाण्यांना ती हाताची घडी घालून उभी. चौथं गाणं मुंबई-गोवा महामार्गावरचं आहे. त्याच्या ध्रुवपदात रस्त्यावरच्या पाटीचे चारच शब्द आहेत, ‘पुढे काम चालू आहे’. पुण्यात या गाण्यावर लोक हसतात. इथे हसलं कुणी नाही. २०११ पासून चौपदरीकरणाची धूळ खाल्लेली पोरं दुसऱ्या वेळीच आमच्यापेक्षा मोठ्याने ओरडायला लागली. गाणं तीनदा वाजवावं लागलं. १४ टी-शर्ट गेले.

रत्नागिरीत अकरा माणसं होती, त्यातली चार आमच्या आधी वाजवलेल्या बँडची. पावणेदहाला हॉलवाल्यांनी मेन स्विचकडे बोट दाखवलं. दहानंतर लाउडस्पीकर बंद, हा २००० सालचा नियम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण साडेसातला यायचा साउंडवाला नऊला आला, त्याचं काय?

सकाळी सागरी मार्ग धरला. पावस, जैतापूरच्या खाडीवरचा पूल, मग विजयदुर्गाच्या बाजूने देवगड, कुणकेश्वर. एवढ्या रस्त्यासाठी मी पुन्हा फुकट ड्रायव्हर व्हायला तयार आहे. गिटारवाला मात्र दर थांब्याला तारा पुसत होता; खारं वारं लागून दोन दिवसांत नव्या तारा काळ्या पडल्या होत्या.

आत्याच्या घरापुढचं खळं नुकतंच शेणाने सारवलेलं होतं. त्यावर जड अँप ठेवायला गायकाचा जीव होईना. आत्यांनी गोणपाट दिले. लाइन जोडली आणि अँपमधून अशी घरघर सुरू झाली की कुत्री भुंकायला लागली. केबली बदलल्या, बोर्ड बदलला, गिटारवाल्याने इंटरनेटवरचं सगळं ज्ञान वापरून झालं. शेवटी शेजारचे वायरमनकाका आले, घरामागे गेले, अर्थिंगच्या खड्ड्यात दोन कळश्या पाणी ओतलं. घरघर बंद.

२६ मिनिटांचा कार्यक्रम संपल्यावर पुढच्या खुर्चीतल्या आजींनी ड्रमरला जवळ बोलावलं. “झिला, ह्यां गाणां की भांडाण रे?” तो म्हणाला, दोन्ही. “मगे बरां. भांडाण बरां झाला.”

गोव्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. बार भरलेला होता, आमच्याकडे पाठ करून.

खरी मजा आत्याच्या गावीच, त्या रात्री. पलीकडच्या वाडीत जत्रा होती, म्हणजे दशावताराचं नाटक आलंच. अकराच्या सुमारास गेलो तर देवळामागे कंदिलाएवढ्या बल्बखाली नट स्वतःच आपले चेहरे रंगवत बसलेले. नारदाच्या अंगात स्वेटर होता. सोबतीला तीनच वाद्यं, पेटी, पखवाज, झांज. संहिता नाही. आख्यान कुठलं हे संध्याकाळी ठरतं, संवाद रंगमंचावर सुचतील तसे. आमचं गाण्यांचा क्रम ठरवायला व्हॉट्सॅपवर दोन दिवस चाललेलं भांडण मी तिथे काढलं नाही.

पेटीवाले काका चहा पीत होते. ड्रमरने आम्हीही वाजवतो, टूरवर आहोत असं सांगितल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “नाईट किती तुमची?” नाटकवाल्यांची नाईट म्हणजे एका प्रयोगाचा मेहनताना. पेट्रोल, जनरेटर, साउंड वजा करून आमची तोवरची नाईट उणे ११०० रुपये होत होती. मी तसंच सांगितलं. काका इतके हसले की चहा धोतरावर सांडला.

गायकाला ते लागलं असावं. त्याने रामोन्स काढले. न्यूयॉर्कचा पंक बँड, १९७४ ते १९९६, व्हॅनमधून फिरून २,२६३ प्रयोग. काकांनी नीट ऐकून घेतलं. मग बोटं मोजली. तुळशीचं लग्न झालं की कंपनी घराबाहेर, ती पाऊस येईपर्यंत. आज ह्या गावात, उद्या त्या. “वर्साक दीडशे धर. चाळीस वर्सां झाली माका.” सहा हजार. त्यानंतर गायक रामोन्सबद्दल काही बोलला नाही.

आम्ही पहाटेपर्यंत बसलो. चारच्या सुमारास राक्षस आला, पखवाजाने जो मार सुरू केला त्यावर आमचा ड्रमर मांडीवर बोटं आपटत राहिला आणि दोनदा चुकला. उजाडताना पडदा उतरला. अर्ध्या तासात सगळं बांधून टेम्पोत. नारद गोणीवर झोपलासुद्धा. पुढचा मुक्काम कुडाळच्या बाजूला होता.

निघताना गायकाने काकांना एक कॅसेट दिली. त्यांनी उलटसुलट करून पाहिली. मला वाटलं, देवाच्या पेटाऱ्यात ठेवतात की काय, पण त्यांनी ती शर्टाच्या खिशात घातली. मी म्हटलं, काका, वाजवणार कशावर? आमच्याकडेच काही नाही.

त्यांनी ड्रायव्हरच्या केबिनकडे मान वळवली. “टेम्पोत आसा.”