टेबलावर बरोबर असलेला बुश

"माप बरोबर आहे, साहेब." हे वाक्य त्या वर्कशॉपमध्ये मी इतक्या वेळा ऐकलं की आजही आठवलं तरी डोकं तापतं. टर्नर बुशला, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो त्या धातूच्या छोट्या नळीला, मायक्रोमीटर लावून दाखवायचा आणि आकडा खरंच बरोबर असायचा. पण शाफ्ट आत जात नव्हता.

गाडी फोर्ड मॉडेल टी, 1920 च्या दशकातली. 1908 ते 1927 या काळात अशा दीड कोटीहून जास्त गाड्या बनल्या, त्यामुळे हिचे पार्ट अजूनही तयार मिळतात. ड्राइव्ह शाफ्टच्या, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याच्या, पुढच्या टोकाचा बुशही मिळतो. मीही आधी तयार बुशच आणला होता, पण तो शाफ्टभोवतीच्या टॉर्क ट्यूबमध्ये बोटाने ढकलला तरी आत जायचा. पूर्वी कुणीतरी ट्यूबचा बोअर (आतलं भोक) उगाळून मोठा केला होता, आणि तोही नीट गोल राहिला नव्हता. म्हणजे बाहेरून मोठा बुश करून घेण्याशिवाय इलाज नव्हता.

दुखणं बुशचं आहे हे कळायलाच मला उशीर झाला. मागच्या चाकाच्या ड्रममधून तेल गळत होतं, म्हणून मी आधी ॲक्सलचं सील बदललं. गळती थांबली नाही. मग मागच्या ॲक्सलच्या मधल्या गिअरपेटीचा, म्हणजे डिफरन्शियलचा, प्लग उघडला, तर आतलं तेल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं! या गाडीत इंजिन आणि गिअर यांचं तेल एकच असतं. पुढचा बुश झिजला की ते टॉर्क ट्यूबमधून सरळ मागे उतरतं, डिफरन्शियल भरतं आणि शेवटी चाकाच्या ड्रमवर येतं. हँडब्रेक तिथेच लागतो. तुमच्याकडे असं होत असेल तर सीलच्या मागे लागण्याआधी तो प्लग उघडून बघा.

मागचा ॲक्सल उतरवणं, युनिव्हर्सल जॉइंटची पिन ठोकून काढणं, शाफ्ट मागून ओढून घेणं, हे सगळं एका रविवारात झालं. जुना बुश हॅकसॉच्या पात्याने आतून लांबीत कापला आणि चेमटवून काढला. पात्याचा ओरखडा ट्यूबला लागू द्यायचा नाही, एवढंच सांभाळायचं.

शाफ्ट आधी मोजा, बुश नंतर. बुश बसतो त्या जागी माझा शाफ्ट एका टोकाला 0.04 मि.मी. जास्त झिजला होता. तो आधी ग्राइंड करून एकसारखा करून घेतला. झिजक्या शाफ्टवर नवा बुश घातला तर तेल पुन्हा वाट शोधतंच.

आता वर्कशॉपमध्ये गेलेल्या तीन आठवड्यांबद्दल.

धातू मी ठरवूनच गेलो होतो: शिसं असलेलं टिन ब्रॉन्झ. तांबं 83, कथील 7, शिसं 7, जस्त 3 टक्के, बेअरिंगसाठी नेहमी वापरतात तेच. बुश ट्यूबपेक्षा 0.05 मि.मी. मोठा हवा आणि शाफ्टला आत 0.05 मि.मी. क्लिअरन्स (मोकळी जागा) हवा, हे कागदावर लिहून दिलं. त्याप्रमाणे पहिला बुश बनला. टेबलावर शाफ्ट त्यात अलगद फिरत होता. प्रेसने बुश ट्यूबमध्ये बसवला, शाफ्ट घालायला गेलो, तर तो तोंडाशीच अडला.

झालं असं की बुश बाहेरून आवळला गेला तेव्हा बोअरही आकसला. जेवढा टाइट बसवाल त्याचा बहुतेक भाग आतल्या मापातून वजा होतो. माझा बोअर 0.04 ने कमी झाला होता. उरलेल्या 0.01 मध्ये तेलाचा थरही मावत नाही, आणि त्यातून माझी ट्यूब पूर्ण गोल नव्हती, म्हणजे बुशही तिच्यासारखाच वाकडा आवळला गेला. हे मी सांगितलं, तर उत्तर आलं, "माप बरोबर आहे." मी म्हणालो, आता ट्यूबमध्ये मोजा. बोअर गेज शोधण्यात चार दिवस गेले.

मग त्यांनी दुसरा बुश केला, बाहेरून कमी टाइट. शाफ्ट गेला, पण शाफ्टबरोबर बुशही ट्यूबमध्ये फिरायला लागला. आणखी आठवडा गेला. रोज फोन, रोज "उद्या या". गाडी ठोकळ्यांवर उभी, ॲक्सल कापडाखाली, आणि मी त्या दारात हेलपाटे घालतोय. चिडलो होतो, आणि त्या चिडण्यातच माझ्या हातून चूक झाली. तिसऱ्या बुशच्या वेळी ते म्हणाले, "पुढून हँड रीमर मारून देतो, लगेच होईल," आणि मी हो म्हणालो.

रीमर म्हणजे भोक मोठं करायचं धारेचं हत्यार; तो आधीच्या भोकाच्या मागे जातो. भोक तिरकं असेल तर तो तिरकंच मोठं करतो, सरळ करत नाही. शाफ्ट आत गेला तेव्हा मला इतका आनंद झाला की मी मागचं टोक बघितलंच नाही. घरी येऊन बघितलं तर मागच्या बेअरिंगच्या जागेत शाफ्ट मधोमध येतच नव्हता, एका बाजूला टेकत होता. बुशमध्ये पाच सेंटीमीटरला 0.1 मि.मी. तिरकेपणा असला तरी मीटरभर अंतरावर तो 2 मि.मी. होतो. तसाच जोडला असता तर नव्या बुशने महिन्याभरात जुन्याची गत गाठली असती.

त्या रात्री ठरवलं, शेवटचा कट आपण स्वतः घ्यायचा, बुश ट्यूबमध्ये बसल्यावर आणि मागच्या बेअरिंगचा आधार घेऊन. खरं तर हे पहिल्या दिवशीच ठरवायला हवं होतं.

चौथा बुश दुसऱ्या माणसाकडून करून घेतला. त्याला एवढंच सांगितलं की बाहेरचं माप पक्कं, आतलं 0.3 मि.मी. कमी ठेव, आणि दोन्ही एकाच पकडीत कर, चकमधून काढून उलटा लावू नकोस. बाहेरच्या कडेला पंधरा अंशांचा चॅम्फर (उतार), म्हणजे प्रेस करताना धातू सोलला जात नाही. टूल धारदार हवं, पण पुढे झुकलेल्या धारेचं नको, तसं टूल ब्रॉन्झमध्ये घुसतं आणि ओढतं. बुश रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवला. तेवढ्याने साधारण 0.03 मि.मी. आकसतो आणि प्रेसमध्ये तिरका व्हायचं भय कमी होतं. ग्रीस कपचं भोक ट्यूबच्या भोकासमोर येईल अशी खूण आधीच करून ठेवा. बुश बसल्यावर तो फिरवता येत नाही.

मग ट्यूबच्या मागच्या टोकाला, बेअरिंगच्या जागेत घट्ट बसेल असा एक गाइड बुश केला. त्यातून लांब सरळ दांडा आणि दांड्याच्या पुढच्या टोकाला ॲडजस्टेबल रीमर. एका वेळी 0.03 मि.मी.पेक्षा जास्त नाही. रीमर कधीही उलटा फिरवायचा नाही, बाहेर काढतानाही सुलटाच, नाहीतर धार जाते आणि बोअरला रेघा पडतात. पहिल्या तीन फेऱ्यांत भुसा फक्त खालच्या अर्ध्या भागातून निघत होता. वरच्या बाजूला रीमर टेकतही नव्हता. बुश किती तिरका बसला होता हे तेव्हा डोळ्यांनी दिसलं. चौथ्या फेरीत दाणेदार, पिवळा भुसा सगळ्या गोलाईतून पडायला लागला. हाताला भार एकसारखा लागत होता.

प्रत्येक फेरीनंतर पुसायचं, थंड होऊ द्यायचं, मगच मोजायचं. कोमट बुश 0.01 मि.मी. तरी चुकीचं सांगतो. शेवटी होनिंग, म्हणजे दगडाने घासून गुळगुळीत, करायचा मोह आवरा. घासणाऱ्या दगडाचे कण मऊ ब्रॉन्झमध्ये रुततात आणि पुढे वर्षानुवर्षं शाफ्ट खातात.

एक राहिलंच. ॲक्सल उघडलेलाच आहे तर आतले थ्रस्ट वॉशर (गिअरांना बाजूला सरकू न देणाऱ्या चकत्या) बघा. जुने बॅबिट या मऊ मिश्रधातूचे असतील तर ब्रॉन्झचे घाला. या गाडीचा पायाचा ब्रेक गिअरमध्ये लागतो, मागच्या चाकांवर नाही. वॉशर चुरा होऊन मागचे दाते सुटले तर पाय दाबून काही होत नाही.

रीमरच्या कामाला दुपारभर वेळ लागला. शाफ्टला तेल लावून मागून आत सोडला. तो स्वतःच्या वजनाने, अगदी हळू, एकाच गतीने सरकत गेला आणि बेअरिंगच्या जागेत मधोमध येऊन थांबला. मी तो परत बाहेर काढला आणि पुन्हा सोडला, नुसतं बघायला. मग पिन ठोकली, तिची टोकं चेपली, ग्रीस भरलं.

दोन महिने गाडी चालवून डिफरन्शियलचा प्लग उघडला. तेल सोडलं होतं तिथेच होतं, आणि ड्रम कोरडे.